शक्यतो

वाचणारी मोठ्यानं वाचत होती आणि बाईंचं बोट छापलेल्या ओळीखालून सरकत होतं. "कलम नऊ, पूर्णविराम. कामाच्या वेळेत बाहेर पडण्याचा प्रत्येक दरवाजा," एवढं म्हणून वाचणारी श्वास घ्यायला थांबली, आणि तेवढ्यात बाईंच्या तोंडून पुढचं निघून गेलं, "शक्यतो उघडा ठेवण्यात येईल." बोट अजून 'दरवाजा'पाशीच होतं. वाचणारीनं मूळ प्रतीतून मान वर केली. "बाई, पाठ केलंत की काय?" म्हणाली आणि हसली. बाईही हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यातच राहिलं. त्यांनी बोट पुढं नेलं. शक्यतो उघडा ठेवण्यात येईल. तेच, त्याच क्रमानं, आणि 'शक्यतो'च्या आधी स्वल्पविराम नको म्हणून जो त्यांनी एकदा कुठंतरी खोडला होता, तो इथंही नव्हता. कुठंतरी म्हणजे कुठं, हे आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. "पुढं वाच," त्या म्हणाल्या, आणि आवाज आपला नसल्यासारखा त्यांच्याच कानाला लागला.

सरकारी छापखान्याच्या त्या दालनात सहा टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाशी दोघं. एकानं मूळ प्रत वाचायची, कानामात्रेसकट, विरामचिन्हांसकट. दुसऱ्यानं प्रुफावर डोळा ठेवायचा. बाहेरचं माणूस पहिल्यांदा आत आलं की त्याला हसू आवरायचं नाही, कारण एका कोपऱ्यातून "कंस सुरू, परंतु, स्वल्पविराम" आणि दुसऱ्या कोपऱ्यातून "कंस पूर्ण, नवा परिच्छेद" असं भांडण चालल्यासारखं चालायचं. बाईंची इथं सव्वीस वर्षं गेली होती. चुकलेला रफार त्यांना चार ओळी आधीच दिसतो अशी ख्याती होती, म्हणून मागून सगळे त्यांना रफारबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आजचं विधेयक, शेड-कारखान्यांच्या जुन्या कायद्याच्या जागी येणारं, सकाळी मोहोर फोडून टेबलावर आलं होतं. उद्या ते सभागृहात मांडायचं, तोवर त्यातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये, म्हणून दारात माणूस बसवला होता आणि सगळ्यांचे फोन एका खोक्यात जमा केले होते. जेवणाच्या सुट्टीत तेवढे परत मिळणार होते. एवढी सगळी राखण! आणि बाईंना कलम नऊ आधीच तोंडपाठ होतं. राखण नक्की कोणापासून करत होते हे लोक?

चार महिन्यांपूर्वी धाकटा भाऊ घरी आला होता. मोठ्या कंपनीत जनसंपर्काचं काम करणारा, इस्त्रीच्या घड्यांत वावरणारा धाकटा. येताना त्यानं टेबलावर ठेवायचा दिवा आणला होता, बुडाशी कंपनीचं नाव कोरलेला, ताईच्या डोळ्यांसाठी म्हणून. आणि दिव्याच्या पाठोपाठ एक चोपडं पुढं सरकवलं होतं. "ताई, भाषा जरा बघ ना. आमच्याकडच्यांनी लिहिलंय, म्हणजे दगडधोंडे आहेत सगळे. तुझा हात फिरू दे." वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सूचना. बाईंना वाटलं, शेडमध्ये भिंतीवर लावायच्या असतील. कंपनीचे शिवणाचे आणि पॅकिंगचे मोठमोठे शेड होते; तिथं बायकांसाठी काय करा, काय करू नका, असलं काहीतरी. सूचना म्हणजे सूचना. सव्वीस वर्षं एका एका शब्दाला चिमटीत धरून बघणाऱ्या बाईला हे सुचू नये, की सूचना खाली दिली की ती भिंतीवर लागते आणि वर दिली की तिचा कायदा होतो? सुचलं नाही. विचारलंही नाही. नवा दिवा लावला, लाल पेन काढलं आणि बाई मजेत बसल्या. सरकारी नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायचं नसतं, हा नियमही त्यांनी त्या संध्याकाळी खुंटीला टांगला, कारण भावाचं काम ते बाहेरचं कसलं?

आणि त्या चोपड्यात ते वाक्य होतं. काय वाक्य! "कामाच्या वेळेत बाहेर पडण्याचा कोणताही दरवाजा, व्यवस्थापनास जोपर्यंत व ज्या मर्यादेपर्यंत सोयीचे वाटेल तोपर्यंत व त्या मर्यादेपर्यंत, उघडा ठेवण्यात येईल." बाईंनी कपाळाला हात लावला होता. अकरा शब्दांचं हे लोढणं दोन स्वल्पविरामांच्या मध्ये असं आडवं पडलेलं की वाचणारा अडखळून पडावा. बाईंनी आधी 'कोणताही' खोडून 'प्रत्येक' केलं. ते तर हातानंच केलं, विचार करावाच लागला नाही. मग अकराच्या अकरा शब्दांवरून एक लाल रेघ ओढली, दोन्ही स्वल्पविराम उडवले, आणि समासात एकच शब्द लिहिला. शक्यतो. लिहिल्यावर खुर्चीत मागं टेकून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं होतं, आणि खोटं कशाला बोलायचं, त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं होतं. वाक्य कसं सरळ झालं होतं. कुठं काही अडत नव्हतं, कुठं काही टोचत नव्हतं.

"कलम दहा," वाचणारी वाचत होती. बाईंचं बोट सरकत होतं, पण मन पुढं कलम बाराकडे धावत होतं. कारण त्या चोपड्यात त्यांच्याकडून एक चूक राहिली होती. चोपडं देऊन टाकल्यावर तिसऱ्या दिवशी, भाजी निवडता निवडता, ती त्यांना आठवली होती: 'आपत्कालीन'मधली 'ली' तिथं ऱ्हस्व होती आणि आपण ती तशीच जाऊ दिली. किती चुटपुट लागली होती. धाकट्याला फोनही केला होता, तर तो म्हणाला, अगं गेलं ते केव्हाच. आता वाचणारी कलम बारावर आली. "आपत्कालीन मार्ग," ती म्हणाली. कानाला ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय, सारखंच. बाईंनी बोट उचललं, बघायला धीर होईना, मग बघितलं. आपत्कालिन. ऱ्हस्व. "मूळ प्रत दाखव," त्या म्हणाल्या. वाचणारीनं कागद फिरवला. तिथंही ऱ्हस्वच. म्हणजे राज्याचा कायदा लिहिणाऱ्या त्या एवढ्या मोठ्या कचेरीत, एवढ्या मोठ्या पगाराच्या माणसांनी त्या चोपड्यावर मान हलवण्याखेरीज काही केलं नव्हतं. चूकसुद्धा बदलायची तसदी घेतली नव्हती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लोकांनी रांगा लावून मतं द्यायची, निवडून आलेल्यांनी बाकांवर बसायचं, हात वर करायचे. आणि कायदा लिहायचा कोणी? तर ज्याच्या हातात दाराची किल्ली आहे, त्यानं. आणि तो शुद्ध कोणी करायचा? तर मी.

आई शिवणाच्या शेडमध्ये बाह्या जोडायची. दिवसभर नुसत्या बाह्या. सदरा पुरा झालेला तिनं कधी बघितला नाही असं ती म्हणायची. शेडला चार दारं होती आणि कामाच्या वेळेत तीन बाहेरून बंद, बायका कापड पळवतात म्हणून. एका दुपारी समोरच्या शेडला आग लागली. त्या शेडचीही तीन दारं बाहेरून बंद होती. आईनं पुढचं कधी नीट सांगितलं नाही. घरी आली तेव्हा तिच्या केसांना वास होता आणि तळहात सोललेले होते, कारण त्या दाराची कडी बाहेरून ओढणाऱ्यांत ती होती, आणि कडी तापलेली होती. कडी निघाली, पण उशिरा निघाली. त्यानंतर आईनं घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. पुढच्या दाराला रात्री खुर्ची लावायची, बस्स. न्हाणीघरालासुद्धा कडी नाही. मग आत कोणी आहे हे कळावं कसं? तर आंघोळ करताना गाणं म्हणायचं. बाई आणि धाकटा दोघंही आंघोळ करताना खच्चून गायचे, बेसूर, आणि गाणं थांबलं की बाहेरून आई विचारायची, "आहेस ना रे?" शेजारीपाजारी हसायचे. आईचं त्या हसण्याकडे लक्ष नसायचं.

आगीनंतर मोर्चे निघाले, सभा झाल्या, आणि वर्षभरानं कायदा झाला. कुणीतरी त्याचं छापील पान शेडमधल्या बायकांना वाटलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं ते घडी करून घरी आणलं आणि नऊ वर्षांच्या मुलीपुढं धरलं. "वाच." मुलीनं वाचलं, "कामाच्या वेळेत बाहेर पडण्याचा प्रत्येक दरवाजा उघडा ठेवण्यात येईल." आई म्हणाली, "प्रत्येक म्हणजे?" "म्हणजे सगळे. एकूण एक." "म्हणजे चारही?" "चारही." "आणि उघडा म्हणजे उघडाच ना? नुसता लोटलेला नाही ना?" मुलीनं पुन्हा वाचून बघितलं आणि म्हणाली, "उघडाच." आईनं त्या पानावरून भाजल्याचे वण असलेला तळहात फिरवला होता, जणू तिथं दार आहे. नऊ शब्द. छापलेल्या अक्षरावर बाईंचा जीव जडला तो त्या दिवशी. ते 'प्रत्येक' त्यांच्या हातात तेव्हापासून होतं. म्हणून तर धाकट्याच्या चोपड्यात ते आपोआप उतरलं. आईचं वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं तिथं आणून बसवलं होतं, आणि स्वतःच्याच हातानं त्याच्या मधोमध फट पाडली होती. अकरा शब्दांचं ते ओंगळ लोढणं तसंच राहतं, तर सभागृहात कुणीतरी, अगदी झोपलेला माणूससुद्धा, दचकून उठला असता. सोयीचे? कोणाच्या सोयीचे? पण शक्यतो! शक्यतोला कोण अडवणार? किती सभ्य शब्द. शक्यतो लवकर या. शक्यतो गोड कमी खा. बाईंना स्वतःचीच किळस आली.

जेवणाच्या सुट्टीत खोक्यातून फोन घेऊन त्या जिन्याच्या वळणावर गेल्या. धाकट्यानं लगेच उचलला. "बोल ताई. जेवलीस?"

"मी तपासून दिलेलं चोपडं. ते भिंतीवर लावायला नव्हतं?"

"कसलं चोपडं?" आणि मग तो हसला. "भिंतीवर? भिंतीवर कोण म्हणालं तुला? तू कलम नऊबद्दल बोलतेयस का?"

बाईंनी कठडा धरला. दारात माणूस बसवून, मोहोर लावून ठेवलेल्या कागदाचा कलम क्रमांक हा जेवता जेवता सांगत होता. "तुला कसा ठाऊक आकडा?"

"ताई, तू पण ना. सरकारनं सूचना मागवल्या, आम्ही दिल्या. चोरून थोडंच केलं? सगळे देतात."

"सगळे म्हणजे कोण? शेडमधल्या बायकांनी दिल्या?"

"त्यांना कुठं येतं असलं लिहायला?"

"तुम्हाला तरी कुठं येत होतं? मी लिहून दिलं!"

"तेच तर!" त्याचा आवाज एकदम खुलला. "तुला सांगायचंच राहिलं. आमच्या साहेबांनी तो शब्द वाचला आणि टेबलावर हात मारला. म्हणाले, याला म्हणतात डोकं. आमच्या वकिलांना सहा महिने सापडला नाही हा शब्द. कोणाचा आहे?"

"मग?"

"मग काय. माझा म्हणालो." तो पुन्हा हसला, पण आता जरा ओशाळून. "त्यावरच तर बढती झाली माझी. हे बघ, कुलूप लावणार असं म्हणालो का आम्ही? एक दार उघडं असतंच. बाकीची उघडी ठेवली की माल जातो गं बाहेर. आणि धंदेवाल्यांचं सरकारनं ऐकायचंच नाही का? पोट त्यांच्यावर चालतं इतक्यांचं. तुझ्या भावाचंही."

"ऐकायला माझी ना नाही. ऐका की. पण लिहायलाही तुम्हीच बसायचं? आणि वर सही सरकारची?" जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं, म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांग. अजून आंघोळ करताना गातोस का रे?"

"काय संबंध?"

"सांग."

"गातो," तो म्हणाला. "सवय आहे."

"का गातोस, ते पोरांना सांगितलंयस का कधी?"

फोन बंद झाला होता, की त्यानं केला, हे बाईंना कळलं नाही. हा पोरगा त्यांनी कडेवर वागवला होता. त्याच्या पहिल्या मुलाखतीचा अर्ज त्यांनीच शुद्ध करून दिला होता. आज आपण काही बोललो तर त्याची खुर्ची जाईल, कदाचित नोकरीच जाईल, आणि तो जन्मात तोंड बघणार नाही. आपलंही काही धड राहणार नाही. बाहेरचं काम घेतलं हे आपल्याच तोंडानं कबूल करावं लागेल, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि त्याच्या जोडीला आईचा तो तळहातही दिसत होता, आणि तो काही केल्या बाजूला होईना.

मुख्य शोधक, म्हणजे सगळ्या प्रुफं तपासणाऱ्यांचे साहेब, डबा संपवून हात पुसत होते. चष्मा कपाळावर. बाई त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. "साहेब, कलम नऊमध्ये एक शब्द आहे. त्यानं कायद्याचा जीवच जातो."

"मूळ प्रतीत आहे?"

"आहे."

"प्रुफात आहे?"

"आहे."

"मग आपलं काय बिघडलं?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "बाई, इतकी वर्षं झाली तुम्हाला. अर्थात शिरायचं नाही. अर्थ वाचायला लागलं की अक्षर निसटतं, हे तुम्हीच नव्यांना शिकवता. चारला यंत्रावर चढवायचंय. वरून दोन फोन येऊन गेलेत."

"वरून म्हणजे कुठून?"

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि बाईंकडे नीट बघितलं. "ते मी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका," असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. खरं तर भला माणूस. उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. बाई परत येताना विचार करत होत्या की असल्या भल्या माणसांची एक अख्खी माळ आहे: लिहून देणारा, मान हलवणारा, मोहोर लावणारा, छापणारा, आणि शुद्धलेखन तपासणारी. कुणीच अर्थात शिरत नाही. अर्थात फक्त एकच जण शिरतो, दाराची किल्ली ज्याच्या हातात आहे तो, आणि तो बरोबर शिरतो.

टेबलाशी वाचणारी पानांवर सह्या करत बसली होती. प्रत्येक पानावर आधी वाचणाऱ्यानं सही करायची, मग बघणाऱ्यानं. "बाई, हे दाराचं," ती कलम नऊवर पेन टेकवून हळू आवाजात म्हणाली, "हे त्या मोठ्या शेडांनाही लागू का हो? माझी जाऊ तिथं पॅकिंगला आहे. ती म्हणते मागची दारं लावलेलीच असतात. मी म्हटलं, तक्रार कर, कायदा आहे. आता हा आला की चालेल ना तक्रार?"

बाईंनी ते पान उचलून घेतलं. त्यांना आता राग येत नव्हता; राग येऊन गेला होता आणि त्याच्या जागी काहीतरी घट्ट बसलं होतं. शब्द गुपचूप खोडावा, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण खोडला तर साहेब मूळ प्रत बघून परत लावतील, आणि चारला यंत्र सुरू होईल. चोरी कंपनीवाल्यांनी केली होती, आपण कशाला चोरपावलांनी जायचं? छापखान्याचा एक जुना नियम होता, कुणी सहसा न वापरलेला: समासात गोल करून, सहीनिशी काढलेला प्रश्न संबंधित खात्याचं लेखी उत्तर आल्याखेरीज खोडता येत नाही, आणि तोवर ते पान यंत्रावर चढत नाही. बाईंनी लाल पेन घेतलं. 'शक्यतो'वर रेघ ओढली. समासात सावकाश, सुटं सुटं, अकरा शब्द लिहिले, दोन्ही स्वल्पविरामांसकट. एकही शब्द आठवावा लागला नाही. खाली लिहिलं, "मूळ मजकूर वरीलप्रमाणे होता. 'शक्यतो' ही दुरुस्ती माझी. ती मी मागे घेत आहे. मूळ मजकूर खात्यास मान्य आहे काय?" त्याच्याभोवती गोल केला. पूर्ण नावानं सही केली, आणि तारीख घातली. धाकट्यानं दिलेल्या त्या चोपड्याची छायाप्रत, लाल रेघांसकट, घरच्या खणात होती. प्रत ठेवून घेतल्याखेरीज कागद हातचा सोडायचा नाही, ही सवय या धंद्याची.

"वाच," त्या म्हणाल्या. केलेली दुरुस्ती पुन्हा मोठ्यानं वाचून घ्यायची, हीच तिथली रीत होती.

वाचणारीनं पान आपल्याकडे ओढलं आणि सवयीनं, खणखणीत आवाजात सुरुवात केली, "कामाच्या वेळेत बाहेर पडण्याचा प्रत्येक दरवाजा, स्वल्पविराम, व्यवस्थापनास जोपर्यंत व ज्या मर्यादेपर्यंत..." इथं ती अडखळली. पुन्हा घेतलं. "...ज्या मर्यादेपर्यंत सोयीचे वाटेल तोपर्यंत..." तिचा आवाज हळूहळू बदलत गेला. पलीकडच्या टेबलावरचा "कंस सुरू" मध्येच तुटला. आणखी एका टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "सोयीचे? कोणाच्या सोयीचे?" मग एकेक करून सहाही टेबलं थांबली. मुख्य शोधक उठून उभे राहिले, चष्मा पुन्हा कपाळावर गेला. वाचणारीनं शेवटपर्यंत वाचलं, पूर्णविरामासकट, आणि मान वर केली. तिच्या डोळ्यांसमोर तिची जाऊ असावी.

"बाई, हे असलं खरंच कुणी लिहिलं होतं?"

"असंच लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "नीट मी केलं."